पट्टी, लय आणि तबकडी

भजनाला बसलं की पेटीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पट्टी कोणती धरू? बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत काय किंवा खामगाव–चिखली रस्त्यावरच्या मागच्या-पुढच्या गावांत काय, पुरुषांचा आवाज असेल तर बहुतेक वेळा ‘काळी एक’ असं उत्तर येतं. बायकांचं मंडळ असेल तर पेटीवाल्याची बोटं न सांगताच काळी चार-पाचकडे सरकतात. एखाद्या दिवशी बुवांचा घसा बसलेला असला की ते ‘जरा खाली घ्या’ म्हणतात. पेटीवाला पांढरी एकवर येतो, नाहीतर आणखी खाली सरकतो, आणि तोच अभंग त्याच चालीत सुरू होतो. पट्टी उतरली म्हणून अभंग उदास झाला, असं कुणाच्या मनात येत नाही. पट्टी ही गळ्याची सोय. भाव शब्दांत, चालीत आणि ठेक्यात असतो, असं आपण धरूनच चालतो.

युरोपात ऑपेरा ऐकायला बसलेला जाणकार असं धरून चालत नाही. त्याच्या हातातल्या छापील स्वरलिपीत पहिल्या ओळीवरच पट्टी नेमून दिलेली असते. लयही लिहिलेली असते. या दोन्हींचा भावाशी घट्ट संबंध आहे, असं त्याच्या कानावर वर्षानुवर्षं पडलेलं असतं. हा संबंध खरा किती आणि सवयीचा किती, हे आधी एका चेक गाण्यावरून पाहू आणि मग आपल्या वऱ्हाडाशी नातं असलेल्या एका नाट्यपदावरून.

आंतोनीन द्वोर्झाक (१८४१–१९०४) या चेक संगीतकाराची ‘रुसाल्का’ ही ऑपेरा ३१ मार्च १९०१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात पहिल्यांदा झाली. संहिता यारोस्लाव क्वापिल या कवीची. आपल्याकडे देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. रुसाल्का ही तळ्यातली जलकन्या. तिचं मन एका राजपुत्रावर जडलंय आणि ते त्याला कळायला काही मार्ग नाही. पहिल्या अंकात ती आकाशातल्या चंद्रालाच गळ घालते, की तू सगळीकडे फिरतोस, तर त्याला शोध आणि मी इथे वाट पाहतेय एवढं सांग. पुढे माणूस होण्याच्या मोबदल्यात चेटकीण तिचा आवाज काढून घेते, आणि दुसऱ्या अंकाचा बराच भाग नायिका मुकी वावरते. ऑपेरात नायिकेलाच मुकं करायचं म्हणजे संगीतकाराची छाती लागते! चंद्राला घातलेली ही साद मात्र जगभर पोचली. मूळ ऑपेरा कधीही न ऐकलेल्या लोकांनाही तबकड्यांमुळे ती पाठ आहे.

या गाण्याच्या छापील प्रतीत पट्टी आहे जी-फ्लॅट मेजर आणि लयीची सूचना आहे ‘लार्गेत्तो’, म्हणजे संथ, पण अगदी रेंगाळणारी नव्हे. मात्रा तीन-तीनच्या गटात चालतात. असे दोन गट जोडले तर दादऱ्यासारख्या सहा मात्रा मोजता येतील, फक्त दादऱ्याचा लचका त्यात शोधू नये. जी-फ्लॅट म्हणजे आपली काळी तीन, आणि मेजर म्हणजे सगळे शुद्ध स्वर, आपला बिलावल. घरात पेटी असेल तर काळी तीनचा षड्ज धरून सरळ सप्तक वाजवून पाहा: काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात, मग वरची काळी एक, काळी दोन, पांढरी चार, आणि पुन्हा काळी तीन. पाच काळ्या, दोन पांढऱ्या. गाण्याच्या शेवटाकडे गायिका जो उंच सूर लावते तो या हिशेबाने तार सप्तकातला गंधार. माइक नसताना, समोर भलामोठा वाद्यवृंद वाजत असताना तो लावायचा असतो.

द्वोर्झाकने काळी तीनच का निवडली असेल? ‘या पट्टीत चांदणं आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा त्यावर विश्वास नाही. त्यामागे एक साधं यांत्रिक कारण मात्र दिसतं, आणि ते व्हायोलिनच्या तारांत आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा आपल्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन या स्वरांना लावलेल्या असतात. वर वाजवलेल्या सप्तकात यातला एकही स्वर नाही. म्हणजे या पट्टीत वाजवताना वादकाला प्रत्येक स्वर बोट दाबूनच काढावा लागतो. मोकळी तार छेडली की तिचा नाद लख्ख उमटतो, आणि शेजारची तार दाबलेली असतानाही मोकळी तार सहकंपनाने गुणगुणत राहते. काळी तीनच्या पट्टीत हे गुणगुणणं जवळजवळ थांबतं. सगळ्या वाद्यवृंदाचा आवाज थोडा झाकलेला, मऊ, धुक्यातून आल्यासारखा होतो. वर हार्पचे स्वर ओघळतात आणि ऐकणाऱ्याला रात्र जाणवते. द्वोर्झाक स्वतः तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहात संगीतकार स्मेतानाच्या हाताखाली व्हियोला वाजवत होता. कुठल्या पट्टीत तारा बोलतात आणि कुठल्या पट्टीत गप्प बसतात, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

आता आपल्याकडे पाहा. आपलं सगळं उलटं आहे. आपलं गाणं उभं राहतं तेच मोकळ्या तारांवर. तंबोऱ्याच्या चारही तारा मोकळ्या, आणि त्या गायकाच्या षड्जाला मिळवून घेतलेल्या. गायकाने पट्टी बदलली तर तंबोराही बदलून लावायचा. तारा पुन्हा तितक्याच मोकळ्या, नाद पुन्हा तितकाच भरलेला. काळी तीन असो की पांढरी एक, वाद्याचा रंग फारसा बदलत नाही. म्हणून पट्टीला आपल्याकडे भाव चिकटला नाही. तो चिकटला रागाला. द्वोर्झाकला जे काम पट्टीकडून करून घ्यावं लागलं, ते आपल्याकडे कोमल-शुद्ध स्वरांची निवड करते.

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडली तर हे लगेच दिसतं. पदाच्या डोक्यावर राग लिहिलेला असतो, ताल लिहिलेला असतो (त्रितालाला तिथे बहुधा ‘त्रिवट’ म्हणतात), आणि ज्या चिजेवर पद बांधलं तिचा उल्लेख ‘चाल’ म्हणून असतो. पट्टी लिहिलेली नसते, कारण ती नटाच्या गळ्यावर. लयही लिहिलेली नसते, कारण ती नट, तबलजी आणि समोरचा प्रेक्षक मिळून ठरवतात. युरोपात मेल्त्सेलने १८१५ साली मेट्रोनोम नावाच्या टकटक यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मिनिटाला किती ठोके हे आकड्यात लिहायची सोय झाली. आपण विलंबित, मध्य, द्रुत या तीन शब्दांवर भागवलं. एकाचा मध्य तो दुसऱ्याचा द्रुत, आणि त्यावरून मैफिलीनंतर वाद घालायला सगळे मोकळे.

लय प्रेक्षक ठरवतो हे अतिशयोक्तीचं वाटेल, म्हणून थोडं थांबून सांगतो. कापसाचा पैसा खेळत होता त्या काळात नाटक मंडळ्या वऱ्हाडच्या दौऱ्यावर यायच्या. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा १८७० सालीच सुरू झाला होता. पडदे, कपड्यांच्या पेट्या, पायपेटी, सगळा संसार आगगाडीत घालून मंडळी मुक्कामाला उतरायच्या आणि आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून लोक जायचे. माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचा तर आवाज चढाच हवा. भाऊराव कोल्हटकरांपासून पुढे उंच पट्टीत गाणाऱ्या नटांचं जे कौतुक झालं, त्यात कलेइतकाच मांडवाच्या लांबीचाही वाटा आहे. आणि मग ‘वन्स मोअर’. पहिल्यांदा पद नाटकाच्या ओघात, बेताच्या लयीत व्हायचं. वन्स मोअर मिळाला की नट कथानक बाजूला ठेवून गायला लागायचा, लय थोडी उचलायची, ताना यायच्या. तिसऱ्यांदा आणखी. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं ते यामुळे. अशा पदाची लय कोणती, असं विचारलं तर कितव्या वेळची, असं उलट विचारावं लागेल.

या सगळ्यावर टाच आणली तबकडीने. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि गौहर जानचं गाणं मेणावर उतरलं. तिथून पुढे काही वर्षांत मराठी नाट्यपदंही तबकडीवर आली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला गाणं मावायचं साधारण तीन मिनिटं, सव्वातीन म्हणजे डोक्यावरून पाणी. बारा इंचीवर चार-साडेचार. रुसाल्काचं चंद्रगीत आजच्या गायिका सहा मिनिटांच्या आसपास गातात. जुन्या तबकडीपुढे अशा गाण्याला दोनच वाटा होत्या: काही भाग गाळायचा, नाहीतर लय वाढवायची. आपल्या पदांचंही तेच झालं. रंगभूमीवर अर्धा तास रंगणारं पद तबकडीवर येताना आलापाची हौस सोडून सरळ मुखड्यावर उडी घेतं, एक-दोन ताना घाईघाईने टाकतं आणि संपतं. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकून ‘एवढं जलद गायचे का?’ असं नव्या श्रोत्याला वाटतं. ते तबकडीपुरते तसे गायचे.

मुद्रणाची तऱ्हाही सांगायला हवी. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहायचा. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची. वीज नाही, आवाज लहान-मोठा करायचं साधन नाही. ज्या वाद्याचा आवाज मोठा ते मागे सरकवायचं, ज्याचा लहान ते कर्ण्याजवळ घ्यायचं. खालच्या स्वरांची रेघ नीट उमटत नसे, म्हणून चढा, टोकदार आवाज तबकडीला मानवायचा. कुजबुजल्यासारखं गाणं तबकडीला कळतच नसे. हळुवार भावाची पदंही त्या काळच्या तबकड्यांवर थोडी ठणकावून गायल्यासारखी वाटतात ती त्यामुळे.

आणि तबकडीने आणखी एक घोळ घातला, तो पट्टीचा. ‘७८ ची तबकडी’ असं आपण सरसकट म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. पण सुरुवातीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. कंपनीगणिक आणि कधी मुद्रणागणिक वेग कमी-जास्त असायचा. तबकडी ज्या वेगाने कोरली त्याच वेगाने फिरवली तरच गायकाचा खरा सूर ऐकू येतो. वेग शंभरात सहाने वाढला की सूर एका पट्टीने चढतो, आणि सहाने उतरला की एका पट्टीने उतरतो. ७८ ची तबकडी साडेत्र्याहत्तरच्या आसपास फिरली की काळी दोनमध्ये गायलेलं पद पांढरी दोनमध्ये ऐकू येईल, आणि तेवढंच संथही होईल. चावीच्या ग्रामोफोनवर हे घरोघर घडायचं. चावी संपत आली की स्प्रिंग ढिली पडायची, गाणं हळूहळू बसत जायचं, गायकाचा आवाज जड व्हायचा, आणि कुणीतरी उठून घाईने चावी भरायचं की तोच आवाज किंचाळत वर चढायचा. पुढे ४५ आणि ३३ फेऱ्यांच्या तबकड्या आल्यावर गंमत वाढली. ३३ ची तबकडी चुकून ४५ वर लावली तर षड्जाचा थेट मध्यम होतो, किंबहुना मध्यमाच्याही किंचित वर जातो. तबकडीवर पट्टी आणि लय एकमेकींच्या पायाला बांधलेल्या असतात, हे एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे पुरे. जुन्या तबकडीवरून ‘अमुक गायक काळी चारमध्ये गायचे’ असं छातीठोक सांगणाऱ्याला म्हणूनच यंत्राचा वेग विचारावा.

इतकं कळल्यावर आता खऱ्या परीक्षेचं पद घेऊ: ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातलं ‘घेई छंद मकरंद’. नाटक आणि पद दोन्ही नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती ‘नाट्यसंपदा’ची, पहिला प्रयोग १९६७ च्या डिसेंबरातला. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका केली वसंतराव देशपांडे यांनी. वसंतराव मूर्तिजापूरचे, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. २ मे १९२० चा जन्म, वाढले नागपुरात. पोरवयात भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्ण झाले आणि पुढे कित्येक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात राहिले. लिहिणारा नागपूरचा, गाणारा वऱ्हाडचा आणि चाल लावणारा गोव्याच्या मंगेशीचा. संगीत नाटक म्हणजे पुण्या-मुंबईची मिरास असं कुणी म्हणालं तर या तिघांची नावं घ्यावीत.

विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांची गायकीवरून स्पर्धा आहे. नाटकाचा सगळा संघर्षच दोन गाण्यांच्या तऱ्हांमधला, म्हणून अभिषेकींनी एक धाडस केलं. तेच शब्द दोन चालींत बांधले. पंडितजींच्या घराण्याचं पद धानी रागात, शांत लयीत. भार्गवराम आचरेकर आणि प्रसाद सावकार यांच्या आवाजातलं. खाँसाहेबांचं पद सालगवराळीत, चढ्या लयीत, वसंतरावांच्या धारदार, दीनानाथ मंगेशकरांच्या वळणाच्या आवाजात. दोन्हींची ध्वनिमुद्रणं निघाली आणि आकाशवाणीवरून घरोघर गेली. (नागपूर केंद्र १९४८ पासूनचं, त्यामुळे आपल्याकडच्या खेड्यांना रेडिओवरचं गाणं तोवर सरावाचं झालं होतं.) शब्द अक्षरशः तेच; मधाच्या ओढीने फुलाकडे जाणाऱ्या भुंग्याचं चित्र. तरी एका पदात भुंगा फुलावर विसावलेला दिसतो, आणि दुसऱ्यात तो भोवताली गरगरत दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही.

हा फरक कशाने पडला? ऐकणारा चटकन म्हणतो, ‘लयीने’. लयीचा वाटा आहेच. पण आधी स्वर पाहू, आणि तेही पेटीवर.

धानीला पाच स्वर: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. रिषभ-धैवत वर्ज्य. पेटीवर काळी दोनला षड्ज धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा: काळी दोन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, वरची काळी एक, पुन्हा काळी दोन. झाला धानीचा आरोह. एकाही पांढऱ्या पट्टीला हात लागला नाही. (त्याच काळ्या पट्ट्या काळी तीनपासून वाजवा, भूप तयार. भजनात हा भूप इतक्यांदा येतो की पेटी नुकती हातात घेतलेलं पोरही तो कुणी न सांगता शोधून काढतं.) या पाच स्वरांत कुठलेही दोन स्वर एकमेकांना अगदी चिकटून नाहीत. प्रत्येकाला ऐसपैस जागा आहे. चुकीचं बोट पडलं तरी कानाला टोचत नाही. धानी निवांत वाटतो तो बराचसा या रचनेमुळे.

सालगवराळी वेगळा. हा कर्नाटकी वळणाचा राग श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी हिंदुस्थानी गाण्यात आणला. स्वर असे: षड्ज, कोमल रिषभ, कोमल गंधार, पंचम, शुद्ध धैवत, कोमल निषाद. मध्यम वर्ज्य. काळी एकचा षड्ज धरला तर पट्ट्या येतात काळी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. बोटांनीच फरक समजेल. षड्जाला चिकटून कोमल रिषभ बसलाय, आणि वर धैवताला चिकटून कोमल निषाद. मध्यम नसल्यामुळे गंधारावरून पंचमावर जायला मोठी उडी घ्यावी लागते. म्हणजे दोन ठिकाणी दाटी आणि मधे दरी. तान घेताना गळा दाटीतून निसटतो, दरीवरून उडी मारतो, पुन्हा दाटीत सापडतो. शांतपणे गायलं तरी या स्वरसंगतीत एक अस्वस्थपणा राहणारच. वसंतरावांनी त्यावर चढी लय घातली, बोल तोडून घेतले, समेवर झेपावत आले. ईर्ष्या, घमेंड, आणि तिच्या तळाशी असलेलं गाण्याचं खरं वेड, हे सगळं त्या तीन-चार मिनिटांत आहे.

पेटीवर हे स्वर वाजवून रागाचा सांगाडा कळतो, राग पुरता कळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पेटीचा कोमल रिषभ एका जागी ठोकून बसवलेला. गळ्यातला कोमल रिषभ षड्जाकडे झुकतो, हलतो, एका तानेत एका उंचीचा तर दुसरीत केसभर खाली. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. मला ती बंदी अतिरेकी वाटते. खेड्यातल्या माणसाचं स्वरांशी पहिलं नातं पेटीनेच जोडलं, आणि नाट्यपदाला तर पायपेटीशिवाय रूपच नाही. पण बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता.

अभिषेकींचा हिशेबीपणाही इथे दिसतो. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यपद आटोपशीर केलं. वन्स मोअरवर फुगत जाणारं पद त्यांना नको होतं. पद नाटकाच्या प्रसंगाला बांधलेलं, ठरावीक लांबीचं, सुरुवातीच्या स्वरावलीपासून शेवटच्या तिहाईपर्यंत योजलेलं. म्हणजे आधी तबकडीने नाइलाजाने जे घडवलं, ते अभिषेकींनी समजून-उमजून केलं. त्यामुळे त्यांची पदं मुद्रणात कापल्यासारखी वाटत नाहीत. द्वोर्झाकच्या छापील प्रतीच्या जवळ जाणारी मराठी नाट्यपदं शोधायची तर मी ती इथे शोधेन. लय आणि वळणं बरीचशी पक्की. मोकळी राहिली ती फक्त पट्टी, आणि वसंतरावांसारखा गवई असला की ठरलेल्या वळणांनाही प्रत्येक प्रयोगात नवे फाटे फुटायचे.

२०१५ च्या नोव्हेंबरात सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार’ चित्रपट आला तेव्हा पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन गायले आणि सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांसाठी वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे. ‘घेई छंद’ तिथेही आलं. ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं त्या पिढीला पद पहिल्यांदा कळलं ते चित्रपटगृहातल्या चौफेर कर्ण्यांतून आणि मग मोबाइलवरून. मोबाइलने एक जुनी गाठ सोडवली. ग्रामोफोनवर वेग बदलला की पट्टीही हलायची; आता व्हिडिओचा वेग ०.७५ करा, लय उतरते आणि सूर जागच्या जागी राहतो. गाणी दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण या सोयीने आपल्या प्रश्नाचा निकाल लावता येतो.

वसंतरावांचं पद ०.७५ वर लावून बघा. पट्टी तीच, राग तोच, लय उतरलेली. ताना थोड्या जड होतात, त्यातला एकेक स्वर सुटा ऐकू येतो, शिकणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो. पण पद पंडितजींचं होत नाही. कोमल रिषभ जिथे टोचत होता तिथेच टोचतो, किंबहुना जास्त वेळ टोचतो; चढाई जाते आणि तिच्या जागी काहीतरी दबा धरून बसल्यासारखं वाटायला लागतं. आता प्रसाद सावकारांचं धानीतलं पद १.२५ वर, मग १.५ वर न्या. तिथे भांडण पेटत नाही. धानीच्या मोकळ्या स्वरांवर लय चढली की पद खेळकर होतं, चटकदार होतं, पायाने ठेका धरावा असं होतं. खाँसाहेबांची धार मात्र त्याला दुप्पट वेगावरही येत नाही.